पूर्ण उघडला तरी

दुपारी दीड ते तीन या वेळात घरात मिक्सर लावायचा नाही, कडी आपटायची नाही आणि मोठ्याने शिंकायचं नाही, असा नियम होता. तो कुणी लिहून लावला नव्हता, पण सासूबाईसुद्धा पाळत. शिंक आलीच तर नाक दाबून गॅलरीकडे धावत. ती वेळ दहा महिन्यांच्या बीपूच्या झोपेची होती, आणि म्हणून बीपूच्या आईच्या कामाची.

काम मागच्या खोलीत चालायचं. नवरा संगीतवाल्यांसाठी डबे बनवायचा. पत्र्याचे, पायाने दाबता येतील असे, साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर जेवढं होईल तेवढ्या आकाराचे. एका बाजूने वाद्याची तार आत जायची, दुसऱ्या बाजूने बाहेर यायची आणि मधल्या मध्ये आवाजाचं रूप पालटायचं. त्याची खासियत म्हणजे फिल्टर. शेजारच्या खोलीत गाणं लागलंय आणि मधलं दार कुणीतरी हळूहळू लोटत आणलं, तर आधी त्यातला झगमगाट जातो, मग शब्द जातात, शेवटी नुसती धडधड उरते. तेच काम हा डबा एका नॉबवर करायचा. उजवीकडे पूर्ण फिरवला की उघडा, डावीकडे पूर्ण फिरवला की बंद.

सासूबाईंची एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेलेली. हा प्रकार त्यांना समजावून सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आणि काढलेला आवाज जातो कुठे?"

"कुठे जाणार? ग्राउंडला जातो. तारेतून खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे कुठेच नाही गं आई."

सासूबाई "बरं" म्हणाल्या. चुकीचा नंबर मागून वर हुज्जत घालणाऱ्यांना त्या आयुष्यभर ज्या सुरात "बरं" म्हणत आल्या होत्या, त्याच सुरात.

डबे नवरा जोडायचा आणि तपासायची ती. दोघांच्या पदव्या सारख्याच, पण कान तिचा. तपासणीची रीत ठरलेली होती. खरखरीचा आवाज काढणारी एक छोटी पेटी डब्याला जोडायची, हेडफोन लावायचे, नॉब पूर्ण उघडायचा, मग मनात दहा मोजत सावकाश बंद करायचा. बंद झाला की पुन्हा दहा मोजायचे. मग उघडायचा. असं तीनदा. प्रत्येक डब्याला तीच खरखर, तेच दहा आकडे. तरच एका डब्याचा दोष दुसऱ्यापेक्षा वेगळा ऐकू येतो.

अडचण एवढीच होती की हेडफोन लावले की बीपू ऐकू यायची नाही.

बीपू जन्मली तेव्हा रडली नव्हती. दोन मिनिटं दहा सेकंद. भिंतीवर घड्याळ होतं आणि तिने ते पाहिलं होतं. मग कुठलंसं यंत्र बीप करून वाजलं आणि त्यापाठोपाठ ही रडली. म्हणून बापाने तिला बीपू म्हणायला सुरुवात केली. त्याच्यासाठी तो एक गमतीचा किस्सा होता. तिच्यासाठी त्या एकशे तीस सेकंदांचं पुढे कधी काही झालंच नाही. ते तिथेच राहिले, गळ्याच्या खाली. डॉक्टरांनी सहाव्या महिन्यात सांगितलं होतं की आता पाळण्यावर पहारा पुरे. तिने मान हलवली आणि येताना पाळण्यात ठेवायचा, बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारा नवा मॉनिटर घेऊन आली.

त्या मॉनिटरच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे तिच्या टेबलावरच्या भागाला, इअरफोनचं भोक होतं. एके दुपारी गडबडीत तिने खरखरीच्या पेटीऐवजी त्याचीच तार फिल्टरला जोडली. कानात एकदम बीपूचा श्वास आला. बारीक आणि नियमित, कागदावरून बोट फिरवावं तसा. चूक तिच्या लगेच लक्षात आली. पण तिने तार काढली नाही. श्वासातही वरचे-खालचे सगळे सूर असतातच की. तपासायला तो काय वाईट? एका तारेवर तपासणी आणि राखण दोन्ही. नवऱ्याला तिने सांगितलं नाही. रीत मोडलेली त्याला खपली नसती.

दुरुस्तीला परत आलेला एक डबा त्याच आठवड्यात आला.

हिरव्या रंगाचा, तीन वर्षांपूर्वीचा, खाली आकडा सत्तावीस. स्वतःचाच आवाज मशीनवर पुन्हा पुन्हा वाजवत त्यावर गाणाऱ्या एकाने तो घेतलेला. सोबत घडी घातलेली चिठ्ठी होती: 'पूर्ण उघडला तरी उघडत नाही. बाकी ठीक आहे.'

नवऱ्याने झाकण काढून पाहिलं, तारांच्या दोन जोडांना पुन्हा डाख दिला, नॉब बदलला. डबा उत्तम चालत होता. "हे गाणारे लोक म्हणजे ना," तो म्हणाला, "कान साफ करायला हवेत, तर डबा साफ करायला पाठवतात." पण असा मधूनच येणारा-जाणारा दोष एका दिवसात सापडत नाही. डबा सलग चालू ठेवायचा आणि रोज तपासायचा, म्हणजे कधीतरी तो चूक करताना पकडला जातो. तेव्हा सत्तावीस टेबलाच्या कोपऱ्यात चालू राहिला, त्याचा लाल दिवा लागलेला, आणि ती रोज दुपारी त्यातून आपल्या लेकीचा श्वास ऐकत राहिली. उघडा, बंद, दहा आकडे. श्वास वितळत जायचा आणि उरायची एक मऊ धपधप, मग तीही जायची. ते शेवटचे दहा आकडे तिला नकोसे वाटायचे. ते ती जरा भरभर मोजायची.

पाचव्या दिवशी तिने गाणाऱ्याला फोन केला. सासूबाई समोरच बीपूला भरवत होत्या आणि बीपू तिच्या मांडीवर होती, म्हणून हात मोकळे राहावेत या हिशोबाने तिने फोन स्पीकरवर टाकला. दोष सापडला नाही, असं तिने सांगितलं.

"तुमच्याकडे उघडतो?" त्याने विचारलं. आवाज फार लांबून, उशीत तोंड खुपसून बोलावं तसा येत होता.

"अगदी व्यवस्थित."

"तुम्ही त्यातून काय ऐकता?"

"खरखर," ती म्हणाली. कान गरम झाले तिचे.

"तेवढंच असू द्या," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

लाइन किती खराब आहे, असं काहीतरी ती बोलली. सासूबाईंनी चमचा वाटीत ठेवला. "लाइन खराब असली की खरखर येते. किंवा तुटतं. मागे पंखा फिरतोय तो ऐकलास? स्वच्छ येत होता. लाइन चांगली आहे गं. माणूसच तसा येतोय."

बीपूचा आवाज बसलाय असं पहिल्यांदा म्हणाल्या त्याही सासूबाईच. आठव्या दिवशी. सकाळी ती चटईवर बसून आपलं "दा दा दा" चालवत होती आणि ते रजई पांघरून चालवल्यासारखं ऐकू येत होतं. दुपारनंतर बरं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलं. सर्दी म्हणावी तर नाक कोरडं. खोकला नाही, ताप नाही, खाणंपिणं नेहमीचं. तिने दोनच दिवस वाट पाहिली आणि लेकीला उचलून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, कान पाहिले, छातीला नळी लावली. सगळं स्वच्छ. मग त्यांनी बीपूऐवजी तिच्याकडे पाहून झोप नीट होते का विचारलं. या प्रश्नाचा अर्थ तिला पाठ होता.

तरी ती ऐकत राहिली. ऐकणं हे तिचं कामच होतं, आणि कामात ती घाबरट नव्हती. बीपू खुळखुळा आपटायची तो लख्ख वाजायचा. चमचा पडला तर खण्णकन. सासूबाईंच्या बांगड्या, खुर्चीची करकर, सगळं जसंच्या तसं. म्हणजे तिच्या कानात काही नव्हतं. फक्त बीपू वरून कापली गेली होती. रडली तरी त्या रडण्याला धार नव्हती. रोजच्या सरावाच्या कानाने तिने अंदाजही बांधला: नॉब साधारण निम्म्यावर असला की आवाज असा येतो.

हे मनात आलं आणि ती उठून मागच्या खोलीत गेली.

सत्तावीसचा नॉब निम्म्यावर होता. काल दुपारीही बीपू अर्धवट झोपेत उठली तेव्हा तपासणी तशीच टाकून ती धावली होती.

तिने तो पूर्ण उघडला. बाहेरच्या खोलीतून "दा दा" आलं, टाचणीसारखं टोकदार.

योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. तिने सोडलं नाही. मॉनिटर बंद केला. डब्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा काढल्या. आता त्याला फक्त विजेची तार होती, आवाज आत जायला वाटच नव्हती. मग तिने बीपूला आणून टेबलाशेजारी चटईवर बसवलं आणि हातात लाकडी ठोकळे दिले. बीपू ठोकळ्यांशी बोलू लागली. तिने एका हाताने नॉब धरला आणि मनात मोजायला सुरुवात केली.

एक. दोन. तीन. "दा"ची कड गेली.

चार. पाच. ठोकळा ठोकळ्यावर आपटला, तो आवाज टणक आला. बीपूचा आवाज भिंतीपलीकडून आला.

सहा.

सातवर तिची हिंमत संपली. तिने नॉब झटक्यात उजवीकडे नेला आणि बीपू खिदळली. सगळी खोली त्या हसण्याने चमकली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, मॉनिटरची तारसुद्धा. तारेवरून तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी तो मृदू झाला, आणि ते जास्त वाईट होतं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. अगं, तार नाही, माइक नाही, म्हणाला, आत जातच नाही तर कापणार काय? तू फिरवून दाखव. तिने थोडासा फिरवून दाखवला. बीपू त्या वेळी गप्प बसली होती. मुलं ऐन वेळी बसतात तशी.

"बरं, सोपं करू," तो म्हणाला. "बंदच करून टाकू. उद्या परत पाठवतो."

"नको. थांब, अरे, त्याला हात..."

त्याने प्लग काढला.

लाल दिवा विझला. बीपू बापाकडे पाहत होती. आईचा सूर ऐकून म्हणा किंवा कशाने म्हणा, तिचा ओठ मुडपला, चेहरा लाल झाला, तोंड उघडलं आणि ती रडली.

आवाज नव्हता.

तोंड उघडं, जीभ थरथरतेय, डोळ्यांतून पाणी. छाती भरत होती, रिकामी होत होती, पुन्हा भरत होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हाक ऐकली नव्हती, रडणं ऐकलं नव्हतं. घर एकाएकी एवढं शांत कशाने झालं ते बघायला त्या आल्या होत्या.

किती वेळ गेला ते सांगायला इथे भिंतीवर घड्याळ नव्हतं.

तिने नवऱ्याच्या हातातून प्लग ओढून घेतला आणि भोकात कोंबला.

दिवा लागला. रडणं मधूनच सुरू झालं, आधीपासून चालू असलेल्या गाण्याचं दार उघडावं तसं.

नंतर नवरा ग्लासभर पाणी प्यायला आणि म्हणाला की लहान मुलांचा रडता रडता श्वास अडकतो, निळी पडतात, ऐकलंय मी. श्वास अडकलेला नव्हता, हे तिघांनीही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानातून येताना वीज गेली तरी चालू राहणारी बॅटरी घेऊन आला. का आणली ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. त्याने स्वतः ती सत्तावीसला जोडली, वर आणखी एक राखीव अडॅप्टर लावला, आणि डबा टेबलावरून उचलून, कुणाचा धक्का लागणार नाही अशा बेताने, वरच्या फळीवर ठेवला. नॉब पूर्ण उजवीकडे. तिने नॉबवरून डब्याच्या पत्र्यापर्यंत पेन्सिलीची एक सरळ रेघ मारली, म्हणजे केसभर जरी फिरला तरी कळावं, आणि वरून पारदर्शक पट्टी चिकटवली.

मग तिने गाणाऱ्याला फोन केला. या वेळी दार लावून.

"मी खरखर ऐकत नव्हते," ती म्हणाली.

मागे पंख्याची पाती एकेक करून ऐकू येत होती. "कोण?" त्याने त्याच उशीतल्या आवाजात विचारलं.

"माझी मुलगी."

"उघडा ठेवलाय?"

"पट्टी लावलीये."

"मीही लावली होती," तो म्हणाला. "आधी वर्षभर नॉब माझं ऐकायचा. मग कधी ऐकेनासा झाला ते कळलंच नाही. आपला आवाज आपल्याला आतून नीटच येतो ना. मी एकटा राहतो. कुणीतरी म्हणायला हवं, की तुमचा आवाज बसलाय." मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे आहे ना कुणी? रोज ऐकणारं?"

डबा परत पाठवू का, असं तिने विचारलं. आता त्याचा त्याला उपयोग नाही, तो म्हणाला.

त्यानंतर घराला एक नवा नियम लागला आणि तोही कुणी लिहून लावला नाही. सकाळी उठलं की जो आधी मागच्या खोलीत जाईल त्याने फळीकडे पाहायचं. दिवा, रेघ, पट्टी. बाहेर येऊन नुसती मान हलवायची. तिने मॉनिटर कपाटात ठेवून दिला. तपासणी पुन्हा खरखरीच्या पेटीवर आली, प्रत्येक डब्याला तेच दहा आकडे. फक्त हेडफोन ती आता एकाच कानाला लावायची.

दिवस बरे गेले. बीपू धरून धरून उभी राहू लागली. आवाज खणखणीत होता. सासूबाई म्हणायच्या, ही पोर एक्स्चेंजमध्ये पाहिजे होती, बिनातारेची पोचली असती. पहिला शब्द कोणता येणार यावर पैज लागली. नवरा "बाबा"वर अडून बसला. सासूबाईंनी सांगितलं की हा स्वतः पहिल्यांदा "हॅलो" बोलला होता, बाळांच्या मनात काय असतं कुणी सांगावं. त्यावर सगळे हसले, तीही हसली. आपण हसलो हे तिच्या मागाहून लक्षात आलं. कितीतरी दिवसांनी गळ्याखालचं ते ओझं थोडं सैल झालं होतं.

त्या सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आधी मागच्या खोलीत जाऊन आली होती. दिवा लागलेला, रेघ सरळ, पट्टी जागच्या जागी. नॉब पूर्ण उघडा, त्याहून पुढे तो फिरतच नव्हता.

खालून सायकलची घंटा वाजली. नळाचं पाणी बादलीत पडत होतं, चिमटे टोपलीत खळखळत होते. सगळे आवाज सकाळच्या उन्हासारखे स्पष्ट होते.

बीपू दाराची चौकट धरून उभी राहिली होती. तिने आईकडे पाहिलं, एक हात सोडला, तो पुढे केला आणि तिचे ओठ नीट, ठरवून हलले.

"आई," ती म्हणाली.

बीपू चार हात अंतरावर उभी होती, आणि मधे दार नव्हतं. तरी शब्द आला तो शेजारच्या खोलीतून, कुणीतरी हळूहळू लोटत आणलेल्या दाराच्या पलीकडून.